दुधाची पिशवी दारातच राहिली तर

प्रिय ताई,

मी बंगळूरला असते, वय ५४. माझे वडील, आप्पा, साताऱ्यात आमच्या जुन्या घरी एकटेच राहतात. वय ८२. टपाल खात्यातून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी आई गेली. स्वतःचा चहा-भात स्वतः करतात, पहाटे पाचला उठतात, डोकं तल्लख आहे. पण गेल्या महिन्यात रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मोबाइल उशाशी. सकाळी सातला भांड्यांच्या मावशी आल्या तेव्हा कळलं.

न्यूजर्सीचा भाऊ म्हणतो, चांगला वृद्धाश्रम बघ, पैसे मी देतो. आत्या म्हणते, पोटची पोर असून बापाला वाऱ्यावर सोडलंस. चुलतभाऊ रिकाम्या माडीवर राहायला यायला तयार आहे, पण घर आधी नावावर करा म्हणतो. आईनंतर आप्पांना मी तीन महिने बंगळूरला नेलं होतं. अठराव्या मजल्यावरून खाली बघत बसायचे. "इथं मला नावानं ओळखणारं कोण आहे?" म्हणाले आणि परत गेले. त्यांना घरीच राहू देणं ही माझी हयगय आहे का? आणि साताऱ्यासारख्या गावात घरी येऊन मदत करणारं कुणी असतं का?

– आप्पांची लेक

*

आप्पांच्या लेकीस,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: "सकाळी सातला मावशी आल्या तेव्हा कळलं." पडले तीनला, कळलं सातला. मधले चार तास. आणि त्या दिवशी मावशींनी खाडा केला असता तर?

मी तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होते. खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. मी आधी एवढंच विचारायची, पडल्यावर किती वेळ तसे होते? भरल्या घरातली माणसंसुद्धा मान खाली घालून सांगायची, "संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बघितलं." मुलगा-सून कामावर, नातू दार लावून कानात ते बोंडूक घालून बसलेला. तेव्हा घरात किती डोकी आहेत यावर मी फार भिस्त ठेवत नाही. आप्पा पुन्हा पडले, किंवा नुसता ताप येऊन अंथरुणाला खिळले, तर ते किती वेळात कुणाच्या लक्षात येईल, हे आधी बघू. आज त्याचं उत्तर चार तास आहे. ते अर्ध्या-पाऊण तासावर आणता आलं, तर आप्पा घरी राहिले म्हणून तुम्ही कुणालाही जाब द्यायचं कारण नाही. काहीच न करता तुम्ही बंगळूरला बसून राहिलात, तर मात्र आत्याबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे असं मी म्हणेन.

यासाठी पहिली माणसं लागतात ती कुठल्या संस्थेची नसतात. दूधवाला, पेपरवाला, समोरच्या घरातल्या काकू, कोपऱ्यावरचा किराणावाला. आप्पा पाचला उठतात, म्हणजे सहाला दाराची कडी निघत असणार. दुधाची पिशवी साडेसहापर्यंत आत गेली नाही तर दूधवाल्याने समोर हाक मारायची आणि समोरच्यांनी फोन करायचा. फोन उचलला नाही तर किल्ली घेऊन यायचं. किल्ली दोन घरांत हवी, एकात नको, कारण एक घर नेमकं लग्नाला गेलेलं असतं. पुढच्या दाराला आतून कडी-कोयंडा असेल तर किल्ली असूनही बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही, म्हणून तिथे बाहेरूनही उघडणारं लॅच बसवा. मोरीची आतली कडी काढूनच टाका. एकट्या माणसाला आतून कडी कशाला हवी? आप्पा म्हणतील, सवय आहे. सवय जाईल.

हे सगळं "जरा लक्ष ठेवा हं" असं मोघम सांगू नका. मोघम सांगितलेलं काम सगळ्यांचं असतं, म्हणून कुणाचंच नसतं. साडेसहा, पिशवी, फोन, किल्ली, असं नेमकं सांगा. तुमचा आणि आप्पांच्या डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्या दोन्ही घरांत चिकटवा. आणि दूधवाल्याला दिवाळीची पोस्त तुम्ही स्वतः, हातात द्या.

आता भावाकडे येते. पैसे मी देतो म्हणणाऱ्या परदेशातल्या भावांबद्दल पत्रं खूप येतात आणि बहुतेकांत राग असतो. तुमच्या भावाकडे पैशाहून कामाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचं घड्याळ. साताऱ्यात पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा न्यूजर्सीत आदली संध्याकाळ असते, उन्हाळ्यात पावणेआठ, हिवाळ्यात पावणेसात. तो जागा आहे, घरी आहे. त्याने रोज त्या वेळी आप्पांना फोन करायचा. चहा झाला का, थंडी आहे का, दोन मिनिटं. फोन उचलला नाही तर शेजारच्यांना उठवायचं. रात्रीच्या तीनचं पडणं मग सातपर्यंत थांबत नाही. तुम्ही संध्याकाळी करा. मात्र तुमच्या फोनची हजेरी होऊ देऊ नका. गोळी घेतली का, जेवलात का, औषध संपलं का, एवढंच विचारणाऱ्या मुलीचा फोन बापाला नकोसा होतो. त्यांनाही काही विचारत जा. कुरिअरचा पत्ता कसा लिहायचा, हे टपालवाल्या माणसाला विचारून तर बघा.

मोबाइल उशाशी ठेवण्यापेक्षा रात्री गळ्यात हवा, दोरी लावलेला, बटणांचा साधा फोन, एक बटण दाबलं की समोरच्या घरी घंटा. बाजारात हातात बांधायची संकटाची बटणंही मिळतात. घ्यायची तर घ्या, पण बटण दाबल्यावर उठून येणारं माणूस आधी ठरलेलं हवं.

मोरीचा उंबरा फोडता येत असेल तर फोडा, नाहीतर त्यावर उतार करून घ्या आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावा. टॉवेलची दांडी नव्हे, ती माणसाच्या वजनाने भिंतीतून उपटून हातात येते. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. वाटेतलं पायपुसणं आणि घसरणारी चटई उचला. आणि डॉक्टरांकडे एकदा "ते पडले कशामुळे?" हे विचारायला जा. हाड मोडलं नाही म्हणून पडणं विसरलं जातं. रक्तदाबाच्या गोळीने झटकन उठल्यावर अंधारी येते का, झोपून आणि उभं राहून रक्तदाबात किती फरक पडतो, रात्री लघवीला इतकं का उठावं लागतं, मोतीबिंदू कुठपर्यंत आलाय, हे बघायला हवं. तोवर रात्री उठताना पलंगाच्या कडेला बसून "श्रीराम जयराम" अकरा वेळा म्हणायचं आणि मगच पाय टाकायचा. रामनाम नको असेल तर साताऱ्याचे पिनकोड म्हणू देत.

मदतनिसाचं मात्र सबुरीने घ्या. घाबरलेली मुलं पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी चोवीस तासांचा माणूस ठेवतात आणि पंधरा दिवसांत म्हातारा त्याला हाकलून देतो. आमच्याकडे झालेलं सांगते. सासूबाईंसाठी आम्ही एका ब्युरोकडून बाई घेतली. महिन्याभरात पाच चेहरे बदलले. दर आठवड्याला मीच नव्या बाईला मिठाचा डबा दाखवत होते. सासूबाईंनी पाटल्या काढून पिठाच्या डब्यात लपवल्या आणि मग लपवलेल्या विसरल्या. चोरीचा आळ एका गरीब बाईवर आला. पाटल्या सापडल्यावर मला तिला तोंड दाखवायची लाज वाटली. चूक ब्युरोची होती तेवढीच आमचीही होती. सासूबाईंना आम्ही विचारलंच नव्हतं. "उद्यापासून बाई येणार" एवढंच सांगितलं होतं.

तेव्हा सुरुवात आहे त्या मावशींपासून करा. त्या दिवशी आप्पांना बघितलं ते त्यांनीच. त्यांचा पगार वाढवा, कामात पोळी-भाजी घाला, जमलं तर संध्याकाळचीही एक फेरी. खाड्याच्या दिवशी त्यांनी बदली बाई पाठवायची किंवा तुम्हाला आदल्या रात्री कळवायचं, हे ठरवून घ्या. स्वयंपाक जमणार नसेल तर घरगुती डबे देणाऱ्या बायका साताऱ्यात आहेतच. डबा देणारा माणूस हाही रोज दार वाजवणारा माणूस असतो. रक्त तपासायला घरी येणारे, औषधं घरपोच देणारे दुकानदार, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, हे सगळं आता जिल्ह्याच्या गावी मिळतं. एका वहीत नंबर लिहा. ती वही आप्पांकडे राहू दे, तुमच्याकडे नको.

पुढे कधी ब्युरोचा माणूस घ्यावाच लागला, तर आधी विचारून घ्या: खाड्याला बदली कोण, आठवड्याची सुट्टी कधी, अंघोळ घालणं आणि डायपर बदलणं कामात आहे का, पोलीस पडताळणी झाली आहे का. आणि त्या माणसाच्या झोपेचं, जेवणाचं काय, हेही. दिवसभर राबून रात्री चार वेळा उठणारा माणूस दुसऱ्या दिवशी चिडतो आणि त्या चिडण्याचा मार म्हाताऱ्यालाच खावा लागतो.

रात्रीच्या सोबतीसाठी तुमच्याकडे रिकामी माडी आहे. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" रुजवलं, तिथे खेड्यातून शिकायला आलेला आणि खोलीच्या भाड्याने हैराण झालेला मुलगा मिळणार नाही असं मला वाटत नाही. ओळखीच्या प्राध्यापकांना विचारा. भाडं नाही, बदल्यात रात्री दहानंतर घरात असायचं आणि हाकेला उठायचं. आप्पांची सेवा त्याच्याकडून करून घ्यायची नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, पोलीस ठाण्यात कळवा, आणि मुलगा आप्पांनीच निवडू दे. मुलाखत घ्यायला त्यांना आवडेल. तारा आणि मनीऑर्डरींचं एवढं सगळं ऐकायला त्यांनाही कुणीतरी हवंच असेल.

यातूनच चुलतभावाचं उत्तर निघतं. "घर नावावर करा, मग बघतो" या वाक्यात "मग" हा शब्द काय करतो आहे? चुलतभाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या पत्रावरून मला ते ठरवता येणार नाही. पण बक्षीसपत्रावर सही झाल्यावर आप्पा त्यांच्याच घरात पाहुणे होतात. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पण ८२ व्या वर्षी प्रांत कचेरीच्या पायऱ्या चढायची वेळ कुणावर का आणावी? शिवाय ती अट कागदात लिहिलेली नसेल तर सिद्ध करताना दमछाक होते. आप्पांना कुणाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्रात देतील, ते कितीही वेळा बदलता येतं. चुलतभावाला राहायचं असेल तर राहू दे, त्या मुलासारखाच, करार करून.

सरकारी गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्यांचं काम मर्यादित आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत नंबर आहे, एल्डरलाइन म्हणतात, सकाळी आठ ते रात्री आठ. माहिती, कायद्याचा सल्ला, कुणी छळत असेल तर मदत, यासाठी तो वापरा. पडल्यावर तिथे फोन करू नका, त्यासाठी १०८. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च, तोही यादीतल्या रुग्णालयात. घरच्या मदतनिसाचा रुपयाही त्यातून मिळत नाही. आप्पांकडे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर दोन्हींतलं एकच ठेवता येतं, त्यामुळे आधी विचार करा. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. शाखेत जाऊन चिकाटीने मागावं लागतं, एवढंच.

आप्पांसाठी दोन गोष्टी खास. केंद्राच्या पेन्शनरांना, म्हणजे टपाल खात्यातल्यांनाही, ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतं. ते सुरू झालंय का, बँकेत बघा. मदतीचे पैसे मुलांनी दिले तर आप्पांना ओशाळं वाटेल. ही वाढ या वयातल्या खर्चासाठीच आहे, मावशींची पगारवाढ तिच्यातून जाऊ दे. दुसरं, हयातीचा दाखला. ८० च्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि त्यासाठी पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो, ७० रुपये घेतो. अंगठा उमटवला की झालं. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण ते आप्पांना सुचवू नका. ज्या माणसाने हयात टपालात घातली, त्याच्या दारात त्याच्या हयातीचा दाखला घ्यायला पोस्टमन येणार! मी तर म्हणते त्या दिवशी घरात शिरा करा.

मग उरतो ज्येष्ठ नागरिक संघ. आप्पा म्हणतील, "तिथं सगळी म्हातारी." माझेही यजमान असंच म्हणायचे. आमच्या कोथरूडच्या संघात महिन्याआड मधुमेहावर व्याख्यान असतं आणि वाढदिवसांचं तेच गाणं. मीही कधी कधी मागून हळूच सटकते. पण आमच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी जी गुलाबाची फुलं येतात, ज्यांना मुलं-नातवंडं हसतात, ती आम्ही मोजतो. आठपर्यंत ज्याचं फूल आलं नाही त्याला फोन जातो. गेल्या पावसाळ्यात एकीचं फूल आलं नाही, म्हणून दोघी तिच्या घरी गेल्या. तापाने फणफणली होती. दवाखान्यात सोबत, बँकेत फॉर्म भरायला चष्मा असलेला माणूस, हे सगळं आम्हाला संघातून मिळतं. साताऱ्यातल्या संघाचा पत्ता कुठल्याही बागेतल्या बाकावर मिळेल.

केरळात हेच काम त्यांनी पद्धतशीर बांधलं. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांचं काम सुरू झालं आणि त्यातून वॉर्डावॉर्डांतले शिकवलेले स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला लागले. आठवड्याला दोनेक तास, आपल्याच गल्लीत. आपल्याकडे गणेशोत्सवाची मंडळं गल्लोगल्ली आहेत, दहा दिवस रात्र रात्र जागणारी पोरं आहेत. उरलेल्या दिवसांत त्यांना कुणी हे काम सांगितलेलंच नाही. तुमच्या पेठेतल्या मंडळाच्या अध्यक्षाला भेटून बघा. वर्गणी देताना विषय काढला तर जास्त नीट ऐकतात.

कधी थांबायचं तेही सांगते. गॅस चालू राहिला, एकच गोळी दोनदा घेतली गेली, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, कपडे ढगळ व्हायला लागले, पुन्हा पडले, किंवा फोनवर तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं, तर सगळं नव्याने मांडायचं. तेव्हा चोवीस तासांचा माणूस, बंगळूर, किंवा हो, वृद्धाश्रमसुद्धा. तो शब्द शिवीसारखा वापरू नका. उद्या लागलाच तर आप्पांनी तो स्वतः पाहिलेला असू दे. ठणठणीत आहेत तोवर एकदा एखाद्या ठिकाणी चहाला घेऊन जा. आणि आई गेल्यापासून ते गप्प झालेत का, जेवण कमी झालंय का, हे मावशींना विचारा. आप्पा तुम्हाला सांगायचे नाहीत.

आत्याबाईंना महिन्यातून चार दिवस साताऱ्याला राहायला बोलवा. एवढी काळजी आहे तर येतील. नाही आल्या तर तेही कळेल.

पुढच्या खेपेला गेलात की एकदम सगळं काढू नका, आप्पा बिथरतील. पहिल्या दिवशी गवंडी बोलवून मोरीचा उंबरा आणि दांडा. दुसऱ्या दिवशी लॅचच्या तीन किल्ल्या करून आणा, एक आप्पांची, दोन त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "आप्पा, या कुणाकडे ठेवायच्या?" त्यांनी कुणाची नावं घेतली ते मला जरूर कळवा.

– ताई